लोणी, तूप, तेल आणि खुशामत

(गोव्यातल्या वेगवेगळ्या गावच्या मंडळींच्या गप्पा. वर बोलणाऱ्याचं गाव, खाली त्याचं म्हणणं.)

फोंडा

प्रश्न साधा आहे. खुशामत करायची तर आपण लोणी लावतो, मस्का मारतो. तूप का लावत नाही? तेल का नाही?

निमित्त असं की मागच्या आठवड्यात आमच्या साहेबांचा सेंडऑफ झाला. एक सहकारी बोलायला उठले ते साहेबांच्या अक्षरापासून गाडी पार्क करण्यापर्यंत सगळं वाखाणत सुटले. शेजारच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "मात्शें चड जालें लोणी." म्हणजे लोणी जरा जास्तच झालं. पलीकडे नवीन लागलेला मुलगा होता, हिंदी मुलखात शिकलेला. तो म्हणाला, "किती तेल लावतायत!" अर्थ कळला, पण कानाला खटकलं. हिंदीत तेल लावणं म्हणजे खुशामत. मराठीत "तेल लावत गेला" म्हणजे गेला खड्ड्यात. आणि तेल लावलेला पैलवान म्हणजे कुणाच्या हाती न लागणारा. अशाला मत द्यावं, पण जामीन राहू नये.

तुपाची तर गोष्टच निराळी. ते कुणी दुसऱ्याला लावत नाही, आपल्याच पोळीवर ओढतो. म्हणजे एका फडताळातले तीन डबे आणि तिघांना वेगळी कामं: लोणी दुसऱ्यासाठी, तूप स्वतःसाठी, तेल निसटायला. शिवाय लोणी कढवलं की जे ताजं तूप निघतं ते लोणकढं, आणि थापही लोणकढी. ताजी ताजी, नुकती चुलीवरून उतरवलेली. ही वाटणी कुणी केली असेल?

डिचोली

तुम्ही मढ्याच्या टाळूवरचं लोणी विसरलात. तिथे लोणी लावणारा बिचारा श्रद्धेनं लावतो, नीच ठरतो तो खाणारा. मस्क्याच्या बाबतीत मात्र खाणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, लावणाऱ्यालाच ठेवतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

वाळपई

लहानपणी आमच्याकडे गवळी-धनगरांच्या वाड्यावरून एक म्हातारी लोणी घेऊन यायची, केळीच्या पानात गुंडाळून. आई आधी बोटानं जरासं घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघायची. माझ्या मते उत्तर त्यात आहे. तेल ओघळतं. तूप थंडीत थिजतं आणि लावायचं तर आधी पातळ करावं लागतं. लोणी मात्र हाताच्या उबेनंच पसरतं आणि लावाल तिथे बसतं. ज्याला लावलं त्याला गार वाटतं. खुशामत आणखी काय करते?

शब्दांचंही बघा. लोणी आलं संस्कृत नवनीतातून, म्हणजे नुकतं काढलेलं. हिंदीतलं मक्खन मात्र 'म्रक्षण'मधलं, आणि म्रक्षण म्हणजे चोपडणं. आपलं चिखलानं माखणंही त्यातलंच. तेव्हा मक्खन या शब्दाच्या पोटातच लावणं आहे. मस्का फारसी, अर्थ लोणीच. पण लोणी आपण फक्त लावतो, मस्का लावतो आणि मारतोही. मारण्यात घाई आहे, काम काढून घेण्याची.

एक खुलासा करून ठेवते, कारण हा घोळ मी शिकलेल्या माणसांनाही घालताना पाहिलाय. खुशमस्कऱ्याचा मस्क्याशी काही संबंध नाही. तो मस्करीतला मस्करा, दरबारात धन्याला हसवून खूश ठेवणारा. बशीतलं लोणी त्याच्या वाट्याला आलंच तर बक्षीस म्हणून.

पेडणे

आमच्याकडे साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्याला कुणी होयबा म्हणत नाही. मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, "व्हय म्हाराजा!" देवळात गाऱ्हाणं घालताना गावकरी म्हणतात तेच. खरं तर गाऱ्हाण्यात लांगूलचालन नसतं. तिथे गाव देवाला बजावून सांगतो, हे कर, ते सांभाळ, चुकलंमाकलं पदरात घे. सगळे मिळून म्हणतात म्हणून त्या 'व्हय'ला वजन. मीटिंगमध्ये एकटाच म्हणतो म्हणून हसू.

आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याचं काय? इथे हरभरा उगवलेला पाहिलाय कुणी? आमच्या डोळ्यांसमोर तो भाजलेला, जत्रेत कागदाच्या पुडीत बांधलेला.

फोंडा

म्हणून तर ती म्हण आपल्याकडे अर्धीच कळते. घाटावर सासरी गेलेल्या माझ्या बहिणीच्या शेतात मी हरभरा पाहिला. गुडघ्याला लागेल न लागेल एवढं रोप. त्यावर चिमणी बसली तरी वाकेल. सगळी गंमत त्यातच आहे: चढवलेला माणूस जमिनीवरच उभा असतो, फक्त त्याला तसं वाटत नसतं. आपण गोव्यात म्हण केली असती तर माडावर चढवलं असतं, आणि मग उतरवायला पाडेली, म्हणजे नारळ काढणारा, शोधत बसलो असतो. पडला तर हाडं मोडणार. हरभऱ्यावरून पडणाऱ्याची फक्त अब्रू जाते.

मडगाव

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. कुणी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पुढेपुढे करू लागला की म्हणायचे, "दार ग्राशा करतो." ग्राशा म्हणजे बुटाचं पॉलिश, ग्रीससुद्धा. आम्हा पोरांना वाटायचं कुठलं तरी दार उघडायचंय. दार म्हणजे देणं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा चोपडण्याची कल्पना पोर्तुगीजांकडेही आहे, फक्त ती चुलीपाशी न सुचता उंबऱ्यापाशी सुचली. लोणी तोंडाला लागतं, ग्राशा पायाला. मला दुसरी जास्त प्रामाणिक वाटते.

वाळपई

पाय आपल्याकडेही आहेत की, तळवे चाटणारे थोडे आहेत का! पण ते शिवीकडे झुकतं. मस्का मैत्रीतही चालतो. माझी मुलगी गळ्यात पडली की मी विचारते, "कशासाठी मस्का?" ती हसते आणि काय हवं ते सांगते. "कशासाठी तळवे चाटतेस?" असं कुठली आई म्हणेल?

पेडणे

चमचा राहिला.

फोंडा

चमच्यावर मी मुद्दामच आलो नव्हतो. आमच्या घरात वाढायचा तो दवलो, खायची ती कुलेर, आणि कुलेर पोर्तुगीजांची. चमचा हा शब्द आमच्याकडे माणसापुरताच उरलाय.