वारली मुलांना त्यांचीच संस्कृती शिकवणारे गुरुजी : एका कौतुकलेखाला उत्तर

डोंगरवाट

शिक्षकदिनानिमित्त सर्वत्र फिरत असलेल्या एका लेखात डहाणूकडच्या एका शिक्षकांची स्तुती करताना म्हटले आहे की, त्यांनी वारली मुलांना तारपानृत्य (तारपा या भोपळ्याच्या फुंकवाद्यावरचा नाच) शिकवून ‘त्यांच्या संस्कृतीशी त्यांची ओळख करून दिली’ आणि त्यांच्यात नेतृत्वगुण रुजवले. ज्या मुलाचा आजा भात तयार होण्याच्या दिवसांत रात्र रात्र तारपा वाजवतो, त्याला बाहेरून बदलून आलेल्या गुरुजींनी तारप्याची ओळख करून दिली, हे लिहिताना लेखकाला काहीच खटकले नाही काय? लेखासोबतच्या छायाचित्रात मुले पाहुण्यांकडे तोंड करून एका ओळीत उभी आहेत. तारप्याचा नाच वाजवणाऱ्याभोवती फेर धरून होतो आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत, एवढे तरी पाड्यावर कोणाला विचारून घ्यायचे होते.

कौतुकाला माझा विरोध नाही, पण ते स्नेहसंमेलनाच्या मंचावर न होता पहिलीच्या वर्गात व्हावे, असे मला वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज मात्र शालेय मंत्रिमंडळाचा मुख्यमंत्री म्हणून नेमके तेच मूल निवडले जाते, ज्याची मराठी पाठ्यपुस्तकासारखी असते. पहिलीतल्या मुलाने वारलीत दिलेले उत्तर बरोबर म्हणून स्वीकारणारा शिक्षक मला दाखवा, मी स्वतः त्याचा सत्कार करीन.

खडूफळा

दाखवते. मी स्वतः अशा शाळेत शिकवते, जिथे चार इयत्ता आहेत आणि आम्ही दोनच शिक्षक आहोत. पहिल्या वर्षी मला लहान मुलांचे निम्मे बोलणे कळत नव्हते, म्हणून चौथीतल्या एका मुलीला मी पहिलीच्या वर्गात माझ्याशेजारी बसवू लागले. ती मुलांचे मला सांगे आणि माझे मुलांना सांगे. काही दिवसांनी ती माझे सगळे सांगत नाही, हे माझ्या लक्षात आले. जे तिला निरर्थक वाटे ते ती सरळ गाळत असे आणि बहुतेक वेळा तिचेच बरोबर असे. नेतृत्व याहून वेगळे काय असते, हे आपण मला समजावून सांगावे. आपण दुरून छायाचित्रातल्या ओळी मोजता, आणि आम्ही मात्र पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयाद्यांचे काम आणि रोज मागवली जाणारी ऑनलाइन माहिती सांभाळून जेमतेम भाषा समजू लागतो, तोच बदलीची यादी लागते.

हिशेबनीस

बदलीची यादी आपोआप लागत नाही, मॅडम. अवघड, म्हणजे दुर्गम ठरवलेल्या, क्षेत्रात सलग तीन वर्षे सेवा झाली की शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’ ठरतो, म्हणजे हा अधिकार आहे, सक्ती नव्हे. माझ्या मामेभावाच्या पाड्यावर प्रत्येक गुरुजी पहिल्याच दिवसापासून या तीन वर्षांचा हिशेब ठेवून राहिले. भाषा समजू लागते आणि बदल्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर हव्या त्या शाळांचा पसंतीक्रमही भरला जातो. शिक्षकांनी यासाठी शासनाला दोष देऊ नये.

खडूफळा

ज्या धोरणाने पाड्यावरची नोकरी ही भोगून सुटण्याची शिक्षा ठरवली आहे, त्या धोरणाला दोष द्यायचा नाही तर कोणाला द्यायचा? मुलांची भाषा येते, या गोष्टीला बदलीच्या हिशेबात कुठे किती गुण आहेत, ते आपणच सांगा. घाटावरून येऊन पावसाळ्यात ओढा ओलांडत शाळा गाठण्याचा अनुभव आपल्या मामेभावाने घेतला आहे काय?

हिशेबनीस

माझा मामेभाऊ त्याच ओढ्यापलीकडे जन्मला आहे. ओढ्याचे भांडवल आमच्यापुढे करू नका.

मोखाड्याचा_रहिवासी

येथे वारली मुलांविषयी सगळे बोलत आहेत, म्हणून एका वारली माणसानेही बोलावे, असे वाटले. आश्रमशाळेत घरची भाषा बोललो म्हणून मी जेवणाच्या रांगेत शेवटी उभा राहिलो आहे, तेव्हा डोंगरवाट यांचा राग मला कळतो. परंतु त्यांची माहिती जुनी आहे. आमच्या पाड्यावरचा शेवटचा तारपावाला वारला त्याला बरीच वर्षे झाली, लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या बायका उरल्या आहेत, पण लग्न लावणाऱ्या धवलेरीला शेजारच्या गावाहून बोलवावे लागते. माझा पुतण्या तारपा शिकला तो शाळेतच, आणि शिकवणारे गुरुजी सोलापूरकडचे होते. ते स्वतः आधी जव्हारजवळच्या एका म्हाताऱ्याकडे बसून शिकून आले. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, आणि त्याबद्दल कोणी मला उपदेश करू नये. तिला वारली मी शिकवतो. आमच्या प्रत्येक आज्याच्या हातात तारपा असतोच, असे समजणे हीदेखील त्या छायाचित्रासारखीच आमची मांडणी झाली.

शंकासूर

सर्वांचे भांडण रंगले असताना कायदाही आठवावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मातृभाषेतून शिक्षण ‘शक्य तितके’ द्यावे, असे म्हटले आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेला ते शक्य वाटले आणि तिने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली; शिक्षण विभागाने त्याच कायद्याच्या आधारे तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. गोंडी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही, आणि सत्काराच्या शालीला परिशिष्ट लागत नाही, एवढाच काय तो फरक. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हाही त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडवर रकानेच्या रकाने भरले. मुले घरी कन्नड बोलतात म्हणून त्यांनी कन्नड शिकून पुस्तके त्या भाषेत आणली, हा भाग मात्र एका ओळीत आटोपला.

डोंगरवाट

मोखाड्याच्या मित्रांनी सांगितलेले सोलापूरकडचे गुरुजी शिकवण्याआधी म्हाताऱ्याकडे जाऊन बसले, हेच माझे म्हणणे होते. ते माझ्याविरुद्ध मांडले गेले याचे थोडे नवल वाटते. प्रत्येक आज्याविषयी मी सरसकट लिहिले, हा आक्षेप मात्र नाइलाजाने मान्य करतो. खडूफळा यांची चौथीतली दुभाषी मला त्या संपूर्ण लेखापेक्षा मोलाची वाटते आणि तिच्याविषयी कोणी लेख लिहिणार नाही, याची मला खात्री आहे.

हिशेबनीस

भाषेला बदलीत गुण हवेत, ही मागणी मला पटली, असे लिहितो. म्हणजे मी नेहमी शिक्षकांविरुद्धच बोलतो, असा आरोप कोणी करायला नको. परंतु तीन वर्षे झाल्यावर मॅडम स्वतः अर्ज भरतात की नाही, हे मी विचारणारच.

खडूफळा

भरला आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते आणि जवळचे केंद्र तालुक्यालाही नाही. माझी बदली झाली तर माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीला वारली येत असावी, ही अट कोणत्या कार्यालयात नोंदवायची, ते ठाऊक असल्यास कळवा. आपण पोर्टलचे जाणकार दिसता.