'निट' आणि 'वोव्हन', दोन्हींना 'विणलेलं'च म्हणायचं का?

सुईदोरा:
बचत गटाच्या शिवणवर्गासाठी कापड कसं निवडावं यावर छोटी मराठी पुस्तिका करतेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. मूळ इंग्रजी मजकुरात कापडाचे दोन मुख्य प्रकार दिलेत, निट आणि वोव्हन. मराठीत आणायला गेलं की दोन्ही 'विणलेले कापड' होतात. 'मागावर विणलेले' आणि 'सुयांवर विणलेले' असं करून पाहिलं, पण सुई म्हटलं की वर्गातल्या बायकांना शिवणाचीच सुई आठवते. रोजच्या बोलण्यातले शब्द हवेत, घडवलेले नकोत.

धोटा:
'विणणे' हे क्रियापद मराठीत फार ऐसपैस आहे. बाज विणतात, टोपली विणतात, जाळं, चटई, लुगडं आणि स्वेटरही विणतात. पण नामं बघा, तिथे भाषेने आधीच वाटणी केलेली आहे. 'विणकर' म्हटलं की माग डोळ्यांपुढे येतो. 'विणकाम' म्हटलं की दोन सुया, लोकरीचा गुंडा आणि 'दोन सुलट, दोन उलट'.

मी इचलकरंजीचा. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव मागाच्या आवाजातच उठतं नि झोपतं. आमच्याकडे मागावरचं ते नुसतं 'कापड', आणि निट म्हणजे 'होजिअरी'. वोव्हनला वेगळा शब्द लागतो तो फक्त होजिअरी शेजारी येऊन बसली की. तुम्ही 'मागाचं कापड' आणि 'होजिअरी कापड' असं बेधडक लिहा.

फरक सांगायचा तर ताणा-बाणा हे शब्द आहेतच. ताणा उभा, बाणा आडवा. ताण्याचे धागे बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, ताठ ओढलेले असतात आणि बाणा त्यांच्या खालून-वरून जातो. मागाच्या फणीच्या घासण्याने ताणा तुटू नये म्हणून त्याला आधी खळ देतात. बिनधुतलेलं कोरं कापड कडक लागतं ते बरंचसं या खळीमुळे. होजिअरीत बाणा ताण्यातून नेण्याचा प्रकारच नाही. धाग्याचा फास करायचा, त्यातून पुढचा फास ओढून घ्यायचा, ओळीवर ओळ. ओढलं की फास लांबट होतात, सोडलं की पुन्हा गोल होतात. धाग्यात रबर नसतानाही बनियन ताणली जाते ती यामुळे.

शब्दकोशी:
होजिअरी हा शेवटी इंग्रजीच शब्द. त्याचं मूळ पायमोज्यांत आहे. कुडत्याच्या कापडाला पायमोज्याचं नाव कशाला? 'गुंफलेले कापड' का नको? फासात फास गुंफलेला असतो, म्हणजे अर्थही नेमका बसतो.

धोटा:
गुंफलेलं म्हटल्यावर मला गजरा दिसतो हो. आणि दुकानात जाऊन 'गुंफलेलं दाखवा' म्हटलं तर दुकानदार लेस काढून ठेवेल.

उरेब:
शब्दकोशी, इंग्रजीचंच वावडं असेल तर आपला 'गंजीफ्रॉक'ही सोडावा लागेल! तो 'गर्न्सी फ्रॉक'वरून आलेला आहे. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट, तिथल्या खलाशांचा अंगाबरोबर बसणारा विणीचा सदरा त्या नावाने ओळखला जायचा. शेजारचं बेट जर्सी, त्याचं नाव तर थेट कापडालाच लागलं. म्हणजे आजोबांच्या तोंडी होजिअरीचा शब्द होताच.

आता कामाचं. सुईदोराताई, मी बरीच वर्षं शिवण शिकवते. वर्गात व्याख्या सांगत नाही, दोन तुकडे हातात देते. एक पॉपलीनचा, एक जुन्या टी-शर्टचा. पॉपलीनच्या कापलेल्या कडेचा दोरा ओढा, सरळ सुटून येतो, कडेला झालर होते. टी-शर्टची कड दोरे सोडत नाही, ती सुरळी होऊन वळते. मग भिंग देते. टी-शर्टच्या सुलट बाजूला बारीक उभ्या वेण्या दिसतात, उलट बाजूला अर्धगोलांच्या आडव्या ओळी. पॉपलीनमध्ये नुसते चौकोन. एवढं बघितल्यावर नाव काहीही द्या, बायका चुकत नाहीत.

कापड बेतताना खरा फरक कळतो. मागाचं कापड उभं-आडवं जवळजवळ ताणत नाही, म्हणून ब्लाऊजला टक्स लागतात, हूक लागतात. तेच कापड तिरकं धरून ओढा, देतं की नाही बघा. म्हणून गळ्याला पट्टी उरेब कापायची, म्हणजे ती गोलाईवर चुण्या न पडता बसते. होजिअरीला ही सगळी तजवीज नको, गळा डोक्यातून जाईल एवढा ठेवला की झालं. पण शिवताना साधी सुई फासाचा धागा तोडते आणि तिथून भोक वाढत जातं. बोथट टोकाची बॉलपॉइंट सुई घ्यायची. शिलाईही सरळ घालायची नाही, कापड ताणलं की दोरा तटकन तुटतो. झिगझॅग घालायची, नाहीतर ओव्हरलॉक.

सुईदोरा:
हे सगळं जवळपास जसंच्या तसं पुस्तिकेत जाणार! एक शंका. 'ताणतं ती होजिअरी' अशी सोपी खूण लिहिली तर चालेल? आणि लोकरीचं ते सगळं विणकामाचं, असं वर्गात म्हणतात, ते?

उरेब:
दोन्ही नका लिहू. हल्लीच्या जीन्स ताणतात, कारण बाण्यात लायक्राचा धागा असतो. पण आहे ते मागाचंच कापड. डेनिमवरच्या तिरक्या रेघा बघा, त्या ताणा-बाण्याच्याच.

धोटा:
लोकरीचंही तसंच. घोंगडी लोकरीची, पण ती मागावर होते आणि तिला चिंचोक्याची खळ लागते. सुटाचं गरम कापडही मागाचंच. स्वेटर तेवढा सुयांचा किंवा निटिंग मशीनचा. लोकर, सूत, रेशीम हा झाला धागा. माग की फास, ही झाली वीण. पुस्तिकेत ही दोन सदरं वेगळी ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

शब्दकोशी:
'वीण' चांगला शब्द आहे. मग 'मागाची वीण' आणि 'फासाची वीण' असं म्हणता येईल. गुंफण मागे घेतो.

धोटा:
समजावून सांगायला 'फासाची वीण' झकास. दुकानात मात्र होजिअरीच म्हणायचं. सुईदोराताई, खरेदीच्या पानावर हेही घाला: मागाचं कापड मीटरवर मिळतं, तेव्हा आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा, कारण 36 इंची पन्ह्याला जितकं लागेल तितकं 58 इंचीला लागत नाही. होजिअरी मात्र तिरुपूरच्या ठोक बाजारात किलोवर विकली जाते, तिथे पन्ह्याबरोबर वजन विचारायचं, एका चौरस मीटरला किती ग्रॅम. आणि सुती कापड कुठलंही असो, बेतण्याआधी पाण्यातून काढून घ्यायचं. दोन्ही आटतात, होजिअरी जरा जास्तच.

सुईदोरा:
किलोवर घेतलं तर एका टी-शर्टला किती लागेल, याचा काही अंदाज?

उरेब:
मोठ्या माणसाच्या अर्ध्या बाह्यांच्या साध्या टी-शर्टला पाव किलो धरा. थोडं उरेल, त्यातून गळ्याची रिब सोडून बाकीच्या पट्ट्या निघतात. रिब वेगळी घ्यावी लागते, तिची वीण जास्त ताणणारी असते.