काचबिंदूचे थेंब आणि शुगरची गोळी: घाम येतो, पण धडधड होत नाही

त्रिमूर्तीनगरचे काका
नमस्कार मंडळी. वय ६६, रेल्वेतून निवृत्त. शुगर जुनी आहे, सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेतो. यंदा होळीनंतर काचबिंदू निघाला. टिमोलॉलचे थेंब सकाळ-संध्याकाळ सुरू झाले, डोळ्यातला दाब उतरला. त्याबद्दल तक्रार नाही.

भानगड वेगळीच आहे. आधी शुगर उतरली की छाती धडधडायची, हात कापायचे, कप बशीवर वाजायचा. त्या आवाजावरूनच बायको साखरेचा डबा घेऊन यायची. परवा दुपारी जेवण लांबलं. कुलरसमोर पेपर वाचत बसलो होतो, बनियन पाठीला चिकटलं. म्हटलं मे महिन्यातलं नागपूर, घाम येणार नाही तर काय होईल बाप्पा! पेपरातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचून राहिलो, तेव्हा बायकोने शुगर तपासायचं मशीन लावलं. ५८! ना धडधड, ना कापरं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दमा विचारला, नाडी पाहिली. शुगरच्या गोळ्या कोणत्या, हे नाही विचारलं. शुगरवाल्यांकडे मी गोळ्यांची यादी नेतो, तिच्यात थेंब कोण लिहितो? डोळ्यात टाकलेला थेंब छातीपर्यंत पोचतो का?

बर्डीचा औषधवाला
पोचतो, काका. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रूंची नळी नाकात उतरते. तिथल्या ओल्या अस्तरातून औषध सरळ रक्तात जातं, गोळीसारखं आधी यकृतातून जात नाही. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा जोर अडवणारं औषध. शुगर उतरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, धडधड आणि कापरं त्याचंच. ते टिमोलॉल दाबू शकतं. घामाची वाट वेगळी, म्हणून तो येतच राहतो. सगळ्यांना असं होत नाही, पण औषधाच्या माहितीपत्रकात मधुमेहींसाठी ही सूचना छापलेली असते. आम्ही दुकानातून देतो तेव्हा घडी उलगडून कोण वाचतं!

नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा इतकी खाली जात नाही. तुमच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड ती उतरवतं, त्यात जेवण लांबलं.

थेंब टाकल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरा, रक्तात कमी जाईल. मात्र मनाने बंद करू नका. काचबिंदूत वाढलेला दाब बहुतेकदा दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही.

महालकर
सगळं खरं भाऊ, पण नागपुरात मे महिन्यात घामावरून काय ओळखायचं? आम्ही तर आंघोळ करता करता घामेजतो.

बर्डीचा औषधवाला
ओळखत बसूच नका, मशीन लावा. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग जेवायचं. कुलरच्या वाऱ्यात बसून घाम फुटला, बोलणं अडखळलं, उगाच चिडचिड झाली, की घरच्यांनी मशीन काढावं.

नंदनवनची सूनबाई
थेंबांचं झालं, काचबिंदूच्या गोळीचंही सांगते. सासूबाईंचा दाब एकदम चढला तेव्हा अ‍ॅसिटाझोलामाइड दिलं. त्या मेटफॉर्मिन घेतात म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, पाहिली. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्ही मिळून रक्तातली आम्लता वाढू शकते म्हणाले. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीलाही वारंवार जावं लागतं. आम्ही समजत होतो शुगरच वाढली!

त्रिमूर्तीनगरचे काका
दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या. शुगरवाल्यांनी ग्लिमेपिराइडचा डोस अर्ध्यावर आणला. डोळेवाल्यांनी टिमोलॉल काढून लॅटानोप्रोस्टचे थेंब दिले, रात्री एकदाच. त्याने पापण्यांचे केस लांब होतात म्हणे. बायको म्हणते, आता या वयात कोणाला दाखवायच्या आहेत? एक सांगा, आमच्या घरात दुपारी भिंतीही तापतात. शीशी ठेवायची कुठे?

बर्डीचा औषधवाला
न उघडलेली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडलेली २५ डिग्रीच्या आत सहा आठवडे चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात तीही फ्रीजच्या दारातच ठेवा, आणि उघडल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहा.