घरी छापलेल्या डेकलची शाई पाण्यात उतरते

प्रश्न: १:७२ प्रमाणातल्या विमानाच्या मॉडेलसाठी शेपटीवरचे आकडे इंकजेटवर, पारदर्शक डेकल कागदावर (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांचा कागद) छापले. रात्रभर वाळवले. पाण्यात सोडले आणि वाटीभर निळं पाणी! काय चुकलं?

उत्तर: वाळवून भागत नाही. साधी इंकजेट शाई पाण्यात विरघळतेच. छापल्यावर क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे तीन-चार हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. पहिला अगदी भुरभुरता, लांबून. मी एकदा घाईत जाड मारला, तर स्प्रेनेच शाई पसरली. अख्खं पान कचऱ्यात. लेझरच्या टोनरला पाण्याची भीती नाही. आणि हो, या कागदावर फिल्म, म्हणजे शाईखालचा पातळ पारदर्शक थर, पानभर असते, तेव्हा आकड्याला अगदी लागून कापा.

प्रश्नकर्ता: आभार! पिवळा पट्टा मात्र गडद हिरव्यावर दिसतच नाही.

उत्तर: दिसणार कसा? घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही, शाई पारदर्शक. पट्ट्याच्या जागी आधी मास्किंग करून (आजूबाजूचा भाग टेपने झाकून) पांढरा रंग द्या, किंवा पांढरा डेकल कागद घ्या.

तिसरा: डेकलआधी मॉडेलवर ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) विसरू नका. मॅट रंगावर फिल्मखाली हवा अडकते, चंदेरी डाग दिसतात.