चिकन कात्सूचं कव्हर सुटतंय: चूक पान्कोची, तेलाची की चिकनची?

पामबीच_नेरुळ
चिकन कात्सूसाठी (ब्रेडक्रम्ब्ज लावून तळलेलं जपानी कटलेट) बोनलेस ब्रेस्ट, मग मैदा, अंडं, ब्रेडक्रम्ब्ज असा क्रम आहे. तरी कापताना कव्हर सालीसारखं निघून येतं. कडा कोरड्या, मध्ये गुलाबी, आणि दोन मिनिटांत रंग काळपट. चिकन दही-आलं-लसणात तासभर मुरवलेलं, क्रम्ब्ज किराणा दुकानातले पाकिटातले. पान्को (जपानी ब्रेडक्रम्ब्ज) आणावाच लागेल का? आणि पोर्कचं करायचं तर कुठला तुकडा मागायचा?

कढई_झारा
आधी दही काढा. चिकन तंदुरीसाठी मुरवतात तसं इथे चालत नाही. दह्याचं पाणी मैद्याखाली साचतं, तेलात त्याची वाफ होते आणि तीच कव्हर उचलते. आल्या-लसणाचे कण तर जळतातच. ६०० ग्रॅम चिकनला एक सपाट चहाचा चमचा मीठ आणि थोडी मिरपूड, बास. पंधरा मिनिटांनी सुटलेलं पाणी कागदाने टिपून घ्या.

ब्रेस्ट एका बाजूने जाड, दुसरीकडे निमुळता असतो. म्हणून कडा वाळतात आणि मध्य कच्चा राहतो. आडवा चिरून पुस्तकासारखा उघडा, प्लास्टिकखाली लाटण्याने ठोकून सगळीकडे दीड सेंटीमीटर करा.

मैदा पातळ लावा आणि झटका. जाड थर राहिला की आत लगदा होतो. दोन अंड्यांत एक चमचा पाणी घालून फेटा, पण फेस नको. क्रम्ब्जमध्ये तुकडा ठेवून वरून हलक्या हाताने दाबा, चोळू नका. मग दहा मिनिटं तसाच राहू द्या, म्हणजे कव्हर धरतं. एक हात कोरड्यासाठी, एक ओल्यासाठी, नाहीतर बोटांचेच कटलेट होतात.

घोडबंदरवाला
काळपट रंगाचं कारण बहुधा क्रम्ब्ज. पाकिटातला चुरा बारीक, आणि बऱ्याचदा आधीच भाजलेल्या टोस्टचा असतो. तो चटकन तांबूस होतो, आत चिकन कच्चंच राहतं. पान्को मोठ्या, टोकदार पापुद्र्यांचा असतो. जपानमध्ये त्यासाठीचा काही पाव विजेचा प्रवाह सोडून भाजतात, म्हणून त्याला तपकिरी कड येत नाही.

विकत आणायची सक्ती नाही. कमी गोड, पांढरा स्लाइस ब्रेड घ्या. लादीपाव नको, तो फार मऊ पडतो. कडा कापा, अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा. ओव्हनमध्ये १०० अंशांवर १० ते १५ मिनिटं वाळवा. रंग येऊ देऊ नका. मिक्सरला लावाल तर पुन्हा पीठच.

पावसाळ्यात इथल्या हवेत पान्को दमट होतो. वापरण्याआधी तव्यावर मंद आचेवर परतून गार करा. अगदी कोरडा वाटला तर १०० ग्रॅमवर एक मोठा चमचा पाणी फवारा, पापुद्रे फुलतात. वरच्या सल्ल्याशी हे उलट वाटेल, पण दमट होणं सगळीकडे सारखं नसतं, फवारा मात्र तुमच्या हातात असतो.

कढई_झारा
तेलाबद्दल राहिलंच. कढईत तीन-चार सेंटीमीटर तेल, तापमान १७० अंश. थर्मामीटर नसेल तर पान्कोचा कण टाका. तळाला जाऊन रेंगाळला तर तेल थंड, अर्ध्यावर जाऊन वर आला तर बरोबर, वरच पसरला तर जास्त तापलंय. एका वेळी एकच तुकडा, फार तर दोन. जास्त टाकले की तेल गार पडतं, कव्हर तेल पितं. दीड सेंटीमीटरला चार-पाच मिनिटं, एकदाच उलटा. चिकनच्या मध्यभागी ७४ अंश हवं. काढून तारेच्या जाळीवर तीन मिनिटं ठेवा. ताटात कागदावर ठेवलं तर खालची बाजू वाफेने मऊ होते. लगेच सुरी लावली तरी कव्हर सुटतं. कापताना सुरी पुढेमागे करत चेपू नका, एकाच दाबात खाली आणा.

मोहरी_वाशी
पोर्कसाठी कोल्ड स्टोरेजमध्ये (गोठवलेल्या मांसाच्या दुकानात) 'लॉइन, कडेच्या चरबीसकट' मागा, जाडी दोन सेंटीमीटर. जपानीत हाच रोसू. बिनचरबीचा, मऊ हवा असेल तर टेंडरलॉइन, तो हिरे. रोसूच्या चरबी आणि मांसामधल्या पांढऱ्या शिरेला दर दोन सेंटीमीटरवर सुरीच्या टोकाने चीर द्या. नाहीतर शीर आकसते, तुकडा वाटीसारखा वळतो आणि फुगलेली बाजू तेलाबाहेर राहते. जाड तुकडा १६० अंशांवर चार मिनिटं, बाहेर चार मिनिटं, मग १८० वर एक मिनिट.

'चिकन तोंकात्सू' असं मेन्यूवर दिसतं, ते चूक. तोन म्हणजे डुक्कर. कात्सू हा कटलेटचाच जपानी उच्चार, कात्सुरेत्सु, त्याचा आखूड अवतार. तोक्योच्या गिन्झामधलं रेंगातेई हे १८९९ मध्ये पोर्क कटलेट देऊ लागलं, असं मानतात. आपल्याकडच्या पारशी कटलेटशी गल्लत नको. तिथे आधी क्रम्ब्ज आणि शेवटी अंडं, म्हणून कडेला ती जाळी येते.

सॉस: केचप तीन मोठे चमचे, वूस्टरशायर सॉस अडीच, ऑयस्टर सॉस दीड, साखर एक चहाचा चमचा. शिजवायचं नाही, नुसतं ढवळा. मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा, मगच नाकात जाणारा झणका येतो. उकळतं पाणी घातलं तर तो मरतो. सोबतचा कच्चा कोबी केसासारखा चिरून फिल्टरच्या गार पाण्यात पाच मिनिटं, मग पूर्ण निथळा. ओला राहिला तर त्याच्या पाण्याने कात्सूची खालची बाजू भिजते.

पामबीच_नेरुळ
अंडं न खाणाऱ्यांसाठी काय?

घोडबंदरवाला
अर्धा कप मैद्यात पाणी घालून भज्याच्या पिठापेक्षा थोडं पातळ मिश्रण करा, त्यात पनीर किंवा उकडलेल्या बटाट्याचं पॅटिस बुडवा, मग पान्को. पनीर एक सेंटीमीटर जाड, आणि आधी टिपलेलं. आत शिजायचं काही नसल्याने तेल १८० वर, दीड-दोन मिनिटं पुरतात.