पुस्तकातून घरी आलेली वस्तू

प्रवासाच्या पुस्तकांचा विषय निघाला की गाडी 'वाचायलाच हवीत अशी दहा' या स्टेशनवर जाऊन थांबते. इथे यादी नको, परीक्षणही नको. दूरदेशीच्या, मोहिमांच्या, भटकंतीच्या एखाद्या पुस्तकातली एखादी वस्तू तुमच्याकडे कायमची राहायला आली असेल, तर ती कुठली आणि ती आली तेव्हा तुमचं काय चाललं होतं, तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

माझ्याकडे तीन अंडी आहेत. एम्परर पेंग्विनची.

पाय मोडून सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. "तुला आता वेळच वेळ आहे" म्हणत मैत्रिणीने ॲप्सली चेरी-गॅरार्डचं 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' आणून पलंगावर आदळलं. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला हा चोविशी-पंचविशीतला मुलगा. नजर अधू, आणि त्या थंडीत चष्मा घालायची सोय नाही. १९११च्या जूनअखेरीस, म्हणजे अंटार्क्टिकातल्या ऐन हिवाळ्यात, भर दुपारीही अंधार असताना, तिघं जण केप क्रोझियरला अंडी आणायला निघाले. हा पक्षी फार आदिम, त्याच्या गर्भात सरपटणाऱ्या प्राण्यांशी नातं दिसेल, अशी तेव्हाची समजूत. अंतर शंभरेक किलोमीटर. जाऊन येऊन पाच आठवडे लागले. पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरला. एका सकाळी तंबूबाहेर येऊन त्याने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, तेवढ्यात अंगावरचे कपडे तसेच गोठले आणि पुढचे चार तास त्याने मान वर ठेवूनच सामानाची घसरगाडी ओढली. अंडी मिळाली पाच. दोन वाटेतच त्याच्या हातमोज्यांत फुटली. उरलेली तीन घेऊन पुढे तो लंडनच्या संग्रहालयात गेला, तर तिथे पावतीसाठी त्याला ताटकळत बसवलं. आणि सोबतचे दोघे? ते नंतर स्कॉटबरोबर ध्रुवावरून परतताना गेले.

वाचून माझी कुरकुर थांबली, असं काही झालं नाही. पण नवरा "काही हवंय का?" विचारत आला की मी म्हणायचे, "मान खाली करून दे."

०००

माझा पोपट. नवव्या वर्षी कांजिण्या झाल्या, वेगळ्या खोलीत टाकलं होतं. काकाने दाराच्या फटीतून 'कॉन-टिकी'ची गोष्ट आत सरकवली. सहा माणसं, एक पोपट आणि बाल्साच्या ओंडक्यांचा तराफा. १९४७ साली पेरूहून निघाले आणि १०१ दिवसांनी पॅसिफिकमधल्या पॉलिनेशिया बेटांतल्या प्रवाळाच्या खडकावर जाऊन आपटले. तराफ्यात एक खिळा नाही, सगळं दोरांनी बांधलेलं. जाणकार म्हणाले होते, ओंडके एकमेकांवर घासून दोर काचतील. झालं उलटंच: लाकूड इतकं मऊ, की दोर त्यात रुतून बसले आणि वाचले. रात्री तराफ्यावर उडते मासे येऊन पडायचे, ते गोळा करणं हे स्वयंपाक्याचं सकाळचं पहिलं काम!

मी पेन्सिली दोऱ्याने बांधून चादरीवर तराफा सोडला होता. पोपट लाटेबरोबर जातो ते पान मात्र दुमडून बंद करून टाकलं. दुमड अजून आहे. सरळ करायचा धीर झालेला नाही.

०००

रंगाचा बेरंग करतोय, पण राहवत नाही. तराफ्याचा म्होरक्या हेयरडाल ज्यासाठी निघाला होता तो सिद्धांत, म्हणजे पॉलिनेशियात माणसं दक्षिण अमेरिकेतून गेली हा, टिकला नाही. पॉलिनेशियात माणूस पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने पसरला, हे भाषा आणि डीएनए दोन्ही सांगतात. दक्षिण अमेरिकेशी कधीतरी संपर्क आला होता असं २०२० सालच्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं, पण ते वेगळं. त्याने सिद्ध केलं ते एवढंच, की तराफा पोचतो.

०००

(पोपटवाला) मान्य. मलाही तेव्हा एवढंच हवं होतं, की पोचावा.

०००

माळ. शंभर मण्यांची.

वडील अतिदक्षता विभागात एकोणीस दिवस होते. आत दिवसातून दोनदा पाच मिनिटं, बाकी वेळ कॉरिडॉर. तिथे मोबाइलवर हिमालयाच्या सर्वेक्षणाचा इतिहास वाचत होतो, त्यात नैनसिंग रावत भेटले. १८६५-६६मध्ये वेश पालटून ते ल्हासापर्यंत गेले. परक्यांना बंदी, त्यामुळे साखळी, दुर्बीण काही काढायची सोय नाही. मग मोजायचं कशाने? पावलाने. एकसारख्या लांबीचं पाऊल टाकायचा सराव आधी करून घेतलेला. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. जपमाळेत मणी १०८ असतात, यांच्या माळेत आठ कमी, हिशेब सोपा जावा म्हणून. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून जागेची उंची. कोणी जवळ आलं की चक्र फिरवत पुटपुटायला लागायचं, म्हणजे साधूला कोण अडवतोय! १८७७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

माझ्या हाताशी माळ नव्हती. बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. लिफ्टपासून त्या बंद दारापर्यंत ६४ पावलं. रोज मोजायचो. एकदा ६१ आली, तेव्हा डॉक्टरांनी आत बोलावलं होतं. (वडील बरे आहेत. आता घरात त्यांची पावलं मोजतो, त्यांना ते आवडत नाही.)

०००

मला ही पुस्तकं आवडत नाहीत, तरी लिहितो. साहेब शिखर चढतो आणि ओझं उचलणाऱ्याचं नाव तळटीपेतही नसतं, याची चीड येते. माझ्याकडे आलेत ते ओंडके, आणि तेही असल्याच एका माणसाचे.

वर नैनसिंगांमुळे पंडितांचा, म्हणजे वेश पालटून मोजणी करणाऱ्या इथल्या माणसांचा, विषय निघालाच आहे, तर किंथुप सांगायलाच हवा. सिक्कीमचा, निरक्षर. तिबेटची त्सांगपो आणि आसामची ब्रह्मपुत्रा एकच नदी का, हे तपासायला १८८०मध्ये त्याला एका लामाच्या हाताखाली पाठवलं. खुणेचे ओंडके वर नदीत सोडायचे, खाली माणसं पाहत राहणार, असा बेत. लामाने मध्येच त्याला गुलाम म्हणून विकलं आणि पोबारा केला. हा निसटला, एका मठात आसऱ्याला राहिला, तिथे राबून सुट्टी मिळवली, जंगलात पाचशे ओंडके तयार करून लपवले, अमुक दिवसांपासून सोडतोय असं पत्र दुसऱ्याकडून लिहवून पाठवलं. आणि ठरल्या दिवसापासून रोज पन्नास, असे दहा दिवस सोडले.

पत्र वेळेवर पोचलंच नाही. खाली कोणी पाहत नव्हतं.

चार वर्षांनी परतला, तर सांगितलेल्यावर विश्वास ठेवायलाही सगळे तयार नव्हते. १९१३च्या मोहिमेनंतर त्याचं वर्णन बरंचसं खरं ठरलं. तोवर तो शिंपीकाम करून पोट भरत होता.

मी बावीस वर्षं कचेरीत अहवाल लिहिलेत. ते पन्नास-पन्नास ओंडके मला व्यवस्थित दिसतात.

०००

नकाशा. पुस्तकात नकाशा नसेल तर मी घेतच नाही. असेल तर त्या पानात एक बोट अडकवूनच वाचते, त्यामुळे डावा हात कायम अडकलेला. नकाशावर नाव नसलेलं गाव मजकुरात आलं की मी लेखकाला मनातल्या मनात शिव्या घालते. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

०००

मी व्यापारी जहाजावर होतो. पॅसिफिकमध्ये पश्चिमेकडे जाताना तारीखरेषा ओलांडली आणि घड्याळाबरोबर दिनदर्शिकेतला एक दिवस गेला. नेमका माझा वाढदिवस. बाविसावा!

त्याच फेरीत मॅगेलनच्या मोहिमेबरोबर गेलेल्या पिगाफेट्टाची रोजनिशी वाचत होतो. उपासमारीत शिडाच्या काठ्यांवरचं कातडं समुद्रात भिजवून, भाजून खाल्लं, ते सगळ्यांना माहीत असतं. मला धरून ठेवलं ते शेवटाकडच्या एका साध्या ओळीने. १५२२ साली केप व्हर्दे बेटांवर शिधा आणायला गेलेल्यांना कळतं, की इथे आज गुरुवार आहे. रोजनिशीत बुधवार. पिगाफेट्टा बिचारा चक्रावतो, कारण त्याने एकही दिवस नोंद चुकवलेली नाही. पृथ्वीला पश्चिमेकडून फेरी मारली तर एक दिवस कमी भरतो, हे त्याआधी कोणाच्या वाट्यालाच आलं नव्हतं. पाच जहाजांतलं एकच ती फेरी पुरी करून परतलं, त्यावर अठरा माणसं.

तो हरवलेला बुधवार माझ्याकडे आहे. वयात एक वर्ष कमी धरावं, अशी माझी मागणी घरी अजून मंजूर झालेली नाही.

०००

गोडसे भटजींची कावड. 'माझा प्रवास' अभ्यासाला उतारा म्हणून होता तेव्हा त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही. परदेशात नोकरीला असताना पुन्हा वाचलं. माणूस दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला उत्तरेत जातो आणि सत्तावनच्या बंडात सापडतो. झाशी पडते तेव्हा शहरातच असतो. मिळवतो, लुटला जातो. घरी येतो तो आईवडिलांना स्नान घालायला खांद्यावर गंगेचं पाणी घेऊन. लिहिलेलं छापून आलं थेट १९०७ साली.

मी तीन वर्षांनी घरी गेलो तेव्हा भेटवस्तूंची अख्खी बॅग विमान कंपनीने दुसरीकडेच पाठवली होती. दारात रिकाम्या हातांनी उभा. बॅग तिसऱ्या दिवशी आली. तोपर्यंत वडिलांनी एकदाही "काय आणलंस?" असं विचारलं नाही. आईने मात्र रोज विचारलं.