मदत हवी आहे: साक्षरता वर्गाला बायका टिकत नाहीत

काळी_माती
गावात उल्लासचा, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता योजनेचा, वर्ग चालवतोय, स्वयंसेवक म्हणून, म्हणजे फुकटच. सुरुवातीला वीस-बावीस बायका यायच्या, आता चार-पाच. घरोघर फिरलो. 'येतो की' म्हणतात आणि येत नाहीत. मार्चमध्ये परीक्षा आहे. काय करू? प्लीज लवकर सांगा.

निवृत्त_गुरुजी
कोणता तालुका? वर्ग किती वाजता भरतो? बायकांची वयं काय? तुम्ही काहीच सांगितलं नाहीत.

खमंग_चिवडा
प्रोजेक्टर लावा. आमच्या गावच्या शाळेत लावला, पोरं हलत नाहीत.

निवृत्त_गुरुजी
@खमंग_चिवडा, पोरांचं नाही चाललंय इथे.

काळी_माती
येवला. वर्ग रात्री साडेसातला, झेडपीच्या शाळेत. पस्तीस ते साठ वयाच्या आहेत. त्याचा काय संबंध?

सुगरण_नाशिक
संबंध नाही कसा? सध्या उन्हाळ कांद्याची लागण चालू आहे ना? बाई उजाडायच्या आत टोळीबरोबर पिकअपमध्ये बसते, दिवसभर वाकून रोपं खोचते, अंधार पडता घरी येते आणि मग चूल. साडेसातला ती भाकरी थापत असते हो दादा!

काळी_माती
हो, लागण चालू आहे. पण रात्रीच तर सगळ्या मोकळ्या असतात.

सुगरण_नाशिक
मोकळे गडी असतात.

निवृत्त_गुरुजी
मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा बघा. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली, गुलाबी नऊवारी नेसून आज्या यायच्या. ती दुपारी भरायची, रात्री नाही. आणि १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, तेव्हा अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. गावाची इज्जत पणाला लागली की माणसं येतात. तुम्ही एकटे फिरताय, सरपंच कुठे आहेत?

भुईमूग_शेंग
गुरुजी, समारंभ झाले आणि पुढे वाचायला काही नाही म्हणून कितीतरी लोक परत विसरलेही. सत्काराने अक्षर टिकत नाही.

निवृत्त_गुरुजी
विसरले म्हणून शिकवायचंच नाही का? तुमच्या पिढीला सगळं आयतं मिळालं.

वाट_चुकलेला
कोणाला दहावी करायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, बाहेरून बसता येतं. माझ्या मेहुणीने भरला होता.

भुईमूग_शेंग
अहो, इथे सहीची मारामार आहे.

अंगणवाडी_ताई
मी असा वर्ग घेतलाय. पहिले काही दिवस पुस्तक काढलंच नाही. बचतगटाची वही काढली आणि म्हटलं, यात आपापलं नाव शोधा. एकीने बोट फिरवत फिरवत स्वतःची ओळ गाठली, तर तिचा एक हप्ता चढवलेलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी तिनेच शेजारणींना ओढून आणलं. नंतर बँकेची पैसे काढायची स्लिप, एसटीची पाटी, आडत्याची काटापट्टी. वजन आणि भाव स्वतःला वाचता येतो म्हटल्यावर बाई गुंतते. परीक्षेची भीती घालू नका. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. तेवढं जमतं. आणि दादा, राग मानू नका, पण शिकवायला एखादी बाई आहे का सोबत? सासूवयाची बाई तरण्या पोरासमोर पाटी धरायला लाजते.

काळी_माती
मी एकटाच आहे. एक बारावी झालेली सून आहे गल्लीत, तिला विचारतो. पण लागण चालू असेपर्यंत दुपारीही कोणी घरी नसणार ना?

अंगणवाडी_ताई
नसणारच. तोवर रात्री नऊनंतर, शाळेत नाही, कुणाच्या तरी ओट्यावर अर्धा तास बसा. तिथेच पाच-सहा जणी जमतात. वही मात्र बचतगटाचीच ठेवा.

खमंग_चिवडा
ओट्यावर प्रोजेक्टर चालणार नाही, लाइटचा प्रश्न येईल.

वाट_चुकलेला
येवल्याकडे रोपाचा काय भाव चालू आहे सध्या? आमचं रोप पावसाने सडलं.